धर्माच्या रकान्यात काय लिहायचे?

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमाच्या शेवटी एक तरतूद आहे: संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही. १७८७ साली फिलाडेल्फियाच्या घटनासभेत ती मांडली साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्स पिंकनी यांनी. ते चार्ल्सटनचे. त्याच चार्ल्सटनमध्ये दोन शतकांनंतर हर्ब सिल्व्हरमन नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांना समजले, की त्यांच्या राज्याच्या स्वतःच्या घटनेप्रमाणे परमेश्वराचे अस्तित्व नाकारणाऱ्या माणसाला गव्हर्नर होता येत नाही. सिल्व्हरमन फिलाडेल्फियातल्या सनातनी ज्यू घरात वाढलेले आणि पुढे देवावरचा विश्वास सोडलेले. निवडणुका लढवण्याचा त्यांचा पिंड नव्हता. पण नागरिकांतल्या एका गटाला कायद्याने अपात्र ठरवलेले त्यांना सहन झाले नाही, आणि १९९० साली ते गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले.

आपण जिंकणार नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांना ती तरतूद न्यायालयात खेचायची होती. निवडणूक हरल्यावर मात्र न्यायालयाला तो प्रश्न तडीस नेण्याचे कारण उरले नाही. मग सिल्व्हरमन यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी नोटरी होण्यासाठी अर्ज केला. साउथ कॅरोलायनात नोटरीची नेमणूक गव्हर्नरच्या सहीने होते. अर्जातल्या शपथेच्या मजकुरात देवाच्या साहाय्याची याचना करणारे शब्द होते. सिल्व्हरमन यांनी ते खोडले. अर्ज नामंजूर झाला. राज्यात हजारो अर्ज बिनबोभाट मंजूर होत असताना हा एक नामंजूर का, याचे उत्तर सरकारला देता येईना. खटला रेंगाळत राहिला. अखेर १९९७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सिल्व्हरमन यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांना नोटरीचा शिक्का मिळाला.

या प्रकरणात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. कायद्याचा प्रश्न तर १९६१ सालीच सुटला होता. मेरीलँडमध्ये रॉय टॉर्कासो यांनी देवावर विश्वास असल्याचे जाहीर करायला नकार दिला म्हणून त्यांची नोटरीची नेमणूक अडवली गेली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती अट रद्द केली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी तो निकाल लिहिला. तरीही मेरीलँड, साउथ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, टेक्सास, मिसिसिपी आणि आर्कान्सा या सात राज्यांच्या घटनांत असे शब्द आजही छापलेले आहेत. ते अमलात आणता येत नाहीत, आणि काढून टाकण्यासाठी मत द्यायला आमदार धजावत नाहीत. ‘देवाच्या विरोधात मत दिले’ ही जाहिरात पुढच्या निवडणुकीत आपल्या नावावर लागेल, ही भीती त्यामागे आहे. सिल्व्हरमन यांना सात वर्षांच्या कोर्टबाजीतून उमगले ते हेच, की न्यायालयात जिंकूनही राजकारणात काही हलत नाही. तिथे हलवायचे तर वॉशिंग्टनमध्ये आपले कुणीतरी असायला हवे.

२००२ साली ‘सेक्युलर कोअलिशन फॉर अमेरिका’ ही संस्था स्थापन झाली ती या जाणिवेतून. सिल्व्हरमन तिचे संस्थापक अध्यक्ष. अमेरिकेत नास्तिकांच्या, मानवतावाद्यांच्या संघटना जुन्या; अमेरिकन ह्यूमनिस्ट असोसिएशन १९४१ सालची. पण त्या व्याख्याने, मासिके आणि खटले यांत रमलेल्या, एकमेकींशी ‘नास्तिक’ म्हणायचे की ‘अज्ञेयवादी’ यावर वाद घालणाऱ्या. करसवलतीच्या नियमांमुळे त्यांना कायदेमंडळात रदबदली करायला मर्यादाही होत्या. कोअलिशनची नोंदणी मुद्दाम वेगळ्या कलमाखाली केली गेली. देणगीदारांना करसवलत मिळणार नाही, पण संस्थेला मनमोकळी रदबदली करता येईल, असा तो सौदा होता. नावांचा वाद बाहेर ठेवायचा आणि कायद्यांपुरते एकत्र यायचे, हे ठरले.

ते साल निवडणे म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध शिडे उभारणे होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झाले नव्हते. जून २००२ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने शाळांत म्हटल्या जाणाऱ्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेतले ‘देवाच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द घटनाबाह्य ठरवले. हे शब्द मूळ प्रतिज्ञेत नव्हतेच. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९५४ साली, ‘निरीश्वर’ साम्यवादापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी ते घातले गेले होते. निकालाच्या दिवशीच सिनेटने त्याचा निषेध केला, ९९ विरुद्ध शून्य मतांनी. प्रतिनिधिगृहाचे सदस्य कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर जमून ती प्रतिज्ञा मोठ्याने म्हणत राहिले. शंभर जणांच्या सिनेटमध्ये वेगळे मत असणारा एकही नसेल हे संभवत नाही. ते मत बोलून दाखवणारा एकही नव्हता.

हे दडपण काही अलीकडचे नाही. १८०० सालच्या निवडणुकीत टॉमस जेफरसन यांच्या विरोधकांनी त्यांना नास्तिक ठरवून मतदारांना ‘देव की जेफरसन’ असा पर्याय दिला होता. १८४६ साली इलिनॉयमध्ये काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक लढवणाऱ्या एब्राहम लिंकन यांच्यासमोर पीटर कार्टराइट हा मेथडिस्ट धर्मोपदेशक उभा होता. लिंकन कोणत्याही चर्चचे सदस्य नव्हते. अफवा इतक्या पसरल्या, की आपण ख्रिस्ती धर्माची उघड टवाळी कधी केलेली नाही, असे छापील पत्रक त्यांना काढावे लागले. ते पत्रक काळजीपूर्वक वाचले तर लिंकन त्यात आपली श्रद्धा कुठेही जाहीर करत नाहीत, हे लक्षात येते. त्यांच्यानंतरच्या पिढीतले रॉबर्ट इंगरसॉल हे त्या काळचे सर्वांत गाजलेले वक्ते. रिपब्लिकन पक्षाच्या १८७६ च्या अधिवेशनात त्यांनी जेम्स ब्लेन यांच्या उमेदवारीसाठी केलेले भाषण देशभर गाजले. पण इलिनॉयच्या ॲटर्नी जनरलपदापलीकडे इंगरसॉल स्वतः गेले नाहीत. पक्षाला त्यांची वाणी हवी होती, त्यांचे नाव मतपत्रिकेवर नको होते. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केल्यावर श्वेत इव्हँजेलिकल चर्चे एका पक्षामागे संघटितपणे उभी राहिली आणि श्रद्धेची जाहीर कबुली हा उमेदवारीचा अलिखित भागच झाला.

सप्टेंबर २००५ मध्ये कोअलिशनने पहिली पूर्णवेळ प्रतिनिधी नेमली, लोरी लिपमन ब्राउन. काँग्रेसमध्ये देव न मानणाऱ्यांची बाजू मांडण्यासाठी पगारी माणूस असण्याची ही पहिली वेळ. ब्राउन नेवाडाच्या सिनेटमध्ये एक कार्यकाळ होत्या. तिथे सभागृहातल्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर थांबतात म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या कामाचा निम्मा भाग केवळ दारे ठोठावण्याचा. 

याच काळात संस्थेने एक घोषणा केली. देवावर विश्वास नसलेला, आणि ते जाहीरपणे सांगायला तयार असलेला सर्वांत वरच्या पदावरचा लोकप्रतिनिधी सुचवणाऱ्याला हजार डॉलर्सचे बक्षीस. काँग्रेसच्या जवळपास ६० सदस्यांची नावे लोकांनी पाठवली. संस्थेने त्यांच्याशी खाजगीत संपर्क साधला. सिल्व्हरमन यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे, की त्यांतल्या २२ जणांनी आपला देवावर विश्वास नसल्याचे मान्य केले. त्यांपैकी २१ जणांनी नाव जाहीर करू नका म्हणून बजावले. उरले एक, पीट स्टार्क.

माझ्या लेखी या संस्थेच्या सगळ्या वाटचालीत हा आकडा सर्वांत मोलाचा आहे. अमेरिकन मतदार नास्तिकाला मत देणार नाही, हे विधान आपण सगळे गृहीत धरतो. या आकड्याने दुसरी बाजू दाखवली: मतदाराने तसे मत वर्षानुवर्षे दिलेलेच आहे, फक्त त्याला ते कळू दिलेले नाही. ते २१ जण कोण, हे संस्थेने आजवर उघड केलेले नाही, आणि ते योग्यच केले.

स्टार्क हे मिलवॉकीत १९३१ साली जन्मलेले, एमआयटीत अभियांत्रिकी शिकलेले, पुढे कॅलिफोर्नियात बँक काढलेले गृहस्थ. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात त्यांनी आपल्या बँकेच्या इमारतीवर शांततेचे भलेमोठे चिन्ह लावले होते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या मतदारसंघातून ते १९७३ पासून काँग्रेसमध्ये होते. १२ मार्च २००७ रोजी संस्थेने जाहीर केले, की स्टार्क हे सर्वोच्च सत्तेवर विश्वास नसलेले युनिटेरियन, म्हणजे एका उदारमतवादी पंथाचे, आहेत. त्याच वर्षी जानेवारीत किथ एलिसन हे पहिले मुस्लिम खासदार जेफरसन यांच्या संग्रहातल्या कुराणाच्या प्रतीवर हात ठेवून शपथेचा समारंभ करून आले होते, आणि पहिले दोन बौद्ध सदस्यही त्याच निवडणुकीतले. काँग्रेसचा चेहरा बदलत होता, आणि त्या बदलात स्टार्क यांचीही भर पडली.

आभाळ कोसळले नाही. मतदारसंघात संतापाची लाट आली नाही. २००८ आणि २०१० च्या निवडणुका स्टार्क यांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये ‘देवावर आमचा भरवसा’ या राष्ट्रीय ब्रीदवाक्याला पुन्हा दुजोरा देणारा ठराव प्रतिनिधिगृहाने ३९६ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केला. त्या नऊ जणांत स्टार्क होते. २०१२ साली ते हरले. पण तोवर ते ८० पार झालेले, मतदारसंघाच्या सीमा बदललेल्या, आणि प्रतिस्पर्धी एरिक स्वॉलवेल यांच्यावर पुराव्याविना लाचखोरीचा आरोप करून त्यांना माफी मागावी लागलेली. त्यांच्या पराभवाला नास्तिकतेचे फळ म्हणणे चूक आहे. काँग्रेसमध्ये उघडपणे अश्रद्ध असलेला पहिला माणूस इतर राजकारण्यांसारखाच सामान्य कारणांनी पराभूत झाला, ही माझ्या मते मोठी प्रगती होती.

पण स्टार्क यांचा मतदारसंघ म्हणजे काही सारा देश नव्हे. २००८ साली नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर एलिझाबेथ डोल यांची जागा धोक्यात आली, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्धी के हेगन यांच्याविरुद्ध एक दूरचित्रवाणी जाहिरात काढली. नास्तिकांच्या एका राजकीय समितीशी संबंधित असलेल्यांच्या घरी झालेल्या निधिसंकलनाला हेगन गेल्या, एवढा तो मुद्दा. जाहिरातीच्या शेवटी हेगन यांचे छायाचित्र आणि ‘देव नाही’ असे म्हणणारा एका स्त्रीचा आवाज. तो आवाज हेगन यांचा नव्हता. हेगन प्रेस्बिटेरियन चर्चच्या ज्येष्ठ सदस्य होत्या, रविवारच्या शाळेत मुलांना धर्म शिकवत. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि निवडणूकही जिंकली. जाहिरात उलटली याचा आनंद अनेकांनी मानला. मला मात्र त्या खटल्याचे दुःख वाटते. नास्तिक म्हटले जाणे ही अब्रुनुकसानी आहे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते. हेगन यांनाही दोष देता येत नाही. त्या घटकेला दुसरे काही करणे त्यांना परवडले असते असे वाटत नाही.

पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या ॲशव्हिल शहरात सेसिल बॉथवेल नगरपरिषदेवर निवडून आले. ते उघडपणे अश्रद्ध. देवाचे नाव न घेता त्यांनी प्रतिज्ञा केली, आणि विरोधकांनी राज्याच्या घटनेतले ते जुने कलम पुढे करून त्यांना अपात्र ठरवण्याची धमकी दिली. काही झाले नाही, होणारही नव्हते. तरी निवडून आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे स्वतःच्या पात्रतेचे समर्थन करत बसावे लागले. आपल्याकडे विधिमंडळात कुणी ईश्वरसाक्ष शपथ घेतो, कुणी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, आणि दोन्हींकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. भारताच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टाने ही मोकळीक पहिल्या दिवसापासून दिलेली. अमेरिकेच्या घटनेतही ‘शपथ किंवा प्रतिज्ञा’ असेच शब्द आहेत. तिथे अडते ते घटनेत नव्हे, लोकांच्या सवयीत.

२६ फेब्रुवारी २०१० रोजी कोअलिशनच्या शिष्टमंडळाची व्हाइट हाउसच्या अधिकाऱ्यांशी बैठक झाली. अश्रद्धांच्या संघटनांना अशी भेट मिळण्याची ही पहिली वेळ. संस्थेचे कार्यकारी संचालक तेव्हा शॉन फेअरक्लॉथ होते, मेनच्या विधिमंडळात अनेक वर्षे काढलेले. त्यांनी चर्चेला विषय घेतले ते अगदी जमिनीवरचे: सैन्यात वरिष्ठांकडून होणारा धर्मप्रचार, धार्मिक संस्थांना मिळणारा सरकारी निधी, आणि श्रद्धेच्या नावाखाली मुलांना औषधोपचार नाकारणाऱ्या पालकांना कित्येक राज्यांच्या कायद्यात मिळणारे संरक्षण. देव आहे की नाही याचा उल्लेखही नाही. हा शहाणपणाचा मार्ग होता. याउलट २०१२ मध्ये रिपब्लिकन वर्तुळात वावरलेल्या एडविना रॉजर्स यांना संचालक नेमून संस्थेने दुसऱ्या पक्षात शिरकाव करून पाहिला. नास्तिक चळवळीतूनच त्यावर गदारोळ झाला आणि दोन वर्षांत तो प्रयोग संपला. मला तो प्रयोग फसल्याची आजही हळहळ वाटते, कारण पुढची सगळी कोंडी तिथे सुरू होते.

२०१२ च्या निवडणुकीत ॲरिझोनातून कर्स्टन सिनेमा निवडून आल्या. मॉर्मन घरात वाढलेल्या सिनेमा यांच्या नावापुढे, काँग्रेस सदस्यांच्या धर्माची नोंद ठेवणाऱ्या प्यू संशोधन केंद्राच्या यादीत, ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद झाली, काँग्रेसच्या इतिहासात पहिल्यांदाच. नास्तिकांनी जल्लोष केला, आणि लगेच सिनेमा यांच्या प्रचारपथकाने खुलासा काढला: नास्तिक वा अश्रद्ध ही विशेषणे त्यांच्या कार्याला आणि व्यक्तिमत्त्वाला साजेशी नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षे अशा एका नावाची वाट पाहिली त्यांना हा घाव खोल लागला. त्याच ॲरिझोनात सहा महिन्यांनी, मे २०१३ मध्ये, हुआन मेंडेझ या तरुण आमदाराची सभागृहात प्रारंभीची प्रार्थना म्हणण्याची पाळी आली. त्यांनी सहकाऱ्यांना मान झुकवू नका, उलट मान वर करून एकमेकांकडे पाहा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी एका रिपब्लिकन आमदाराने आदल्या दिवसाचे प्रायश्चित्त म्हणून सभागृहाला पुन्हा प्रार्थना करायला लावले. मेंडेझ मात्र टिकले. पुढे ते राज्याच्या सिनेटमध्येही गेले.

काँग्रेसच्या सभागृहात तर ते दारही उघडले नाही. विस्कॉन्सिनचे खासदार मार्क पोकॅन यांनी डॅन बार्कर यांना प्रतिनिधिगृहात प्रारंभीचे चार शब्द बोलण्यासाठी पाहुणे म्हणून सुचवले. बार्कर एकेकाळचे इव्हँजेलिकल धर्मोपदेशक, नंतर नास्तिक झालेले आणि ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’चे सहअध्यक्ष. प्रतिनिधिगृहाच्या धर्मगुरूंनी नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नकार ग्राह्य धरला. सभागृहाच्या नियमांत ‘प्रार्थना’ म्हणजे धार्मिक प्रार्थनाच, असा अर्थ त्या सभागृहाने लावला आहे, तो आम्ही मोडणार नाही, असा त्या निकालाचा आशय.

दरम्यान २०१६ साल आले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे फुटलेले ईमेल जुलैमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पक्षाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियात, पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या बर्नी सँडर्स यांच्या श्रद्धेविषयी प्रश्न उपस्थित करता येईल का, अशी चाचपणी केलेली आढळली. ज्यू असणे चालून जाईल, नास्तिक असणे बाप्टिस्ट मतदारांना चालणार नाही, असा त्याचा हिशेब. सँडर्स आपल्याला नास्तिक म्हणवत नाहीत. अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. पण ज्या पक्षाला अश्रद्धांची मते मोठ्या प्रमाणात मिळतात त्याच्याच कार्यालयात अश्रद्धा हे हत्यार मानले जाते, हे सगळ्यांनी वाचले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाचे जॅरेड हफमन यांनी वॉशिंग्टन पोस्टच्या मुलाखतीत आपण मानवतावादी असल्याचे, देवावर आपला विश्वास नसल्याचे सांगितले. स्टार्क ज्या निवडणुकीत हरले त्याच निवडणुकीत हफमन पहिल्यांदा काँग्रेसमध्ये आले होते. मिसूरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, मॉर्मन परंपरेतून फुटलेल्या एका पंथात ते वाढले. पर्यावरणाच्या खटल्यांत काम केलेले वकील. तोवर प्यूच्या यादीत त्यांच्या नावासमोर ‘अनुल्लेखित’ अशी नोंद होती. त्यांनी पाच वर्षे तो रकाना रिकामा ठेवला आणि मग भरला. ट्रम्प यांच्या पहिल्या वर्षात धर्म आणि राज्य यांच्यातली भिंत खचताना पाहून गप्प बसवेना, हे त्यांनी दिलेले कारण. त्याच वर्षी चर्चना उमेदवारांचा प्रचार करायला मनाई करणारी १९५४ सालची जॉन्सन दुरुस्ती मोडीत काढण्याचा प्रयत्न करविधेयकातून झाला होता. सिनेटच्या कार्यपद्धतीच्या नियमामुळे तो डिसेंबरमध्ये गळला. (जुलै २०२५ मध्ये करखात्याने टेक्सासमधल्या एका खटल्यात, आपल्या भाविकांशी बोलताना चर्चने उमेदवाराची बाजू घेतली तर ती दुरुस्ती लागू होत नाही, अशी भूमिका घेतली. ती भिंत अशी विटेविटेने जाते.)

एप्रिल २०१८ मध्ये हफमन यांनी मेरीलँडचे जेमी रास्किन, कॅलिफोर्नियाचे जेरी मॅकनर्नी आणि मिशिगनचे डॅन किल्डी यांच्यासह ‘काँग्रेशनल फ्रीथॉट कॉकस’ स्थापन केला. कॉकस म्हणजे खासदारांचा अनौपचारिक गट. काँग्रेसमध्ये असे शेकडो आहेत, प्रार्थनेचेही आहेत. कोअलिशनने सोळा वर्षे जी दारे ठोठावली, त्यांतले एक आता आतून उघडले.

कॉकसची घडण नीट पाहिली पाहिजे. चार संस्थापकांत उघडपणे अश्रद्ध फक्त हफमन. रास्किन ज्यू, घटनेचे प्राध्यापक. मेरीलँडच्या सिनेटसमोर साक्ष देताना त्यांनी एका सिनेटरला सुनावले होते, की आपण बायबलवर हात ठेवून घटना पाळण्याची शपथ घेतो, घटनेवर हात ठेवून बायबल पाळण्याची नव्हे. पुढे आलेल्या सदस्यांत बौद्ध हँक जॉन्सन आहेत, मुस्लिम रशिदा तलेब आहेत. श्रद्धावान माणसे ज्या गटात येऊ शकतात त्यात अश्रद्ध माणूसही सुरक्षित बसू शकतो. रकाना रिकामा ठेवलेल्या कुणाला या दारातून आत यायला स्वतःविषयी काहीच कबूल करावे लागत नाही. स्टार्क यांना ही सोय नव्हती. आज कॉकसचे दोन डझनांहून अधिक सदस्य आहेत. डिसेंबर २०२० मध्ये जगभरातले ईशनिंदाविरोधी कायदे रद्द व्हावेत असा रास्किन यांचा ठराव प्रतिनिधिगृहाने प्रचंड बहुमताने मंजूर केला, आणि त्याला दोन्ही पक्षांनी मते दिली. बांगलादेशात, पाकिस्तानात मारल्या गेलेल्या, तुरुंगात खितपत पडलेल्या लेखकांसाठी त्या मतदानाला अर्थ होता.

एवढे असूनही सगळे सदस्य एकाच पक्षाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीने निधर्मी मतदारांचे पक्षातले स्थान मान्य करणारा ठराव केला, तेव्हा चळवळीत आनंद झाला आणि दुसऱ्या पक्षाच्या प्रचाराला आयते साहित्यही मिळाले. ज्यांना रिपब्लिकन प्राथमिक निवडणूक जिंकायची आहे त्यांना अश्रद्धेची कबुली आज परवडत नाही. एखादा हक्क एकाच पक्षाच्या छत्रीखाली उभा राहिला की तो हक्क न राहता बाजू बनतो. रॉजर्स यांचा प्रयोग फसल्याची हळहळ वाटते ती यासाठी.

आकड्यांत बोलायचे तर वाट निम्म्याहून अधिक चालून झाली आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेने १९५८ साली पहिल्यांदा विचारले, तुमच्या पक्षाने योग्य अशा नास्तिक व्यक्तीला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली तर मत द्याल का? हो म्हणणारे १८ टक्के. २०१२ मध्ये ५४, २०१९ मध्ये ६०. त्या २०१९ च्या यादीत नास्तिकाच्याही खाली फक्त समाजवादी होता. पण चाळीस टक्के लोक कायमचे बाद करून कुणी देश जिंकत नाही, आणि पक्षाचे निवडणूक-व्यवस्थापक हा हिशेब उमेदवाराच्या आधी मांडतात. अमेरिकेत कोणताही धर्म न सांगणारे प्रौढ २००७ मध्ये १६ टक्के होते, आता २९ टक्क्यांच्या आसपास आहेत, कॅथलिकांहून अधिक. काँग्रेसमध्ये मात्र जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या सभागृहांत ८७ टक्के सदस्य ख्रिस्ती आहेत. निधर्मी म्हणून नोंद झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि वीसहून अधिक सदस्यांनी रकाना कोराच ठेवला आहे.

इतके लोक आणि इतके थोडे प्रतिनिधी का? याचे एक उत्तर पूर्वग्रहात आहे, दुसरे संघटनेत, आणि ते अधिक महत्त्वाचे. त्या २९ टक्क्यांत स्वतःला नास्तिक म्हणवणारे सुमारे ५, अज्ञेयवादी ६, आणि उरलेले (आकडे पूर्णांकांत धरल्याने) सुमारे १९ टक्के ‘विशेष काही नाही’ म्हणणारे. ते रविवारी कुठे जमत नाहीत. त्यांचे पत्ते कुणाकडे नाहीत, त्यांना मतदानकेंद्रावर नेणारी बस नाही, आजारपणात डबा पाठवणारे मंडळ नाही. चर्चकडे हे सगळे आहे. इव्हँजेलिकल मतदार एखाद्या उमेदवारामागे उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे हजारो इमारती, याद्या आणि स्वयंसेवक असतात. राज्यांच्या विधिमंडळांत उघडपणे अश्रद्ध असलेले सदस्य आता डझनावारी आहेत. त्यांच्यातलेच पुढे वर सरकतील. अमेरिकेत वरच्या पदांची शिडी शाळामंडळापासून सुरू होते, आणि तिथे आज अशी माणसे निवडून येतात, कधीकधी चर्चेचा विषयही न होता.

आपल्या माणसांचाही या चित्रात एक कोपरा आहे. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ हे मराठी आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार मिशिगनमधून निवडून आले आणि २०२३ मध्ये त्यांनी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन समाजांसाठी कॉकस उभा केला. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना तो जवळचा वाटतो, हे स्वाभाविक आहे. पण पिंकनींचे ते कलम, ज्याच्या आधाराने ठाणेदारांना कुणी धर्म विचारू शकत नाही, त्याच्याच आधाराने हफमनही तिथे बसतात. जिथे नास्तिकाची जागा पक्की असते तिथे अल्पसंख्य धर्माच्या माणसाची जागाही पक्की असते. परदेशातल्या मराठी मंडळांत फ्रीथॉट कॉकसचीही चर्चा व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

हफमन यांनी कबुलीनंतरच्या सगळ्या निवडणुका सहज जिंकल्या. त्यांचा मतदारसंघ मरीनच्या सुखवस्तू उपनगरांपासून ओरेगनच्या सीमेपर्यंत समुद्राच्या कडेने पसरलेला, डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नवे नकाशे मंजूर केले, आणि २०२६ च्या निवडणुकीसाठी त्यांच्या मतदारसंघाला मोडोकसारखे डोंगराळ, पशुपालकांचे, रिपब्लिकन कौल देणारे परगणे जोडले गेले. एकूण कल अजून त्यांच्याच बाजूचा आहे. तरी देव न मानणाऱ्या खासदाराला आता अशा गावांत मते मागायला जायचे आहे, जिथे चर्च हेच सभागृह असते.